सातव्या वेतनाची झोप

यशदीपने त्या संध्याकाळी गोल बाजारातून गरम जिलेबी आणली नसती, तर दयाराम रामटेक्यांच्या दारात रेतीची ट्रॉली रिकामी झाली नसती. जिलेबीचा आणि रेतीचा संबंध काय, असं कोणी विचारेल. सरकारी नोकराच्या घरात असतो.

पोट्ट्याचा हेतू चांगला होता. बहुतेक घरं चांगल्या हेतूच्या पोट्ट्यांनीच पेटवलेली असतात. यशदीप आमगावचा. बारावीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकला आणि पुढे कंप्युटरचा डिप्लोमा घेऊन रायपूरला मामाकडे राहायला आला. नवा रायपूरच्या एका संचालनालयात त्याला संविदा ऑपरेटरची नोकरी लागली. संविदा म्हणजे काम सरकारचं, खुर्ची सरकारची, पंखा सरकारचा; फक्त माणूस सरकारचा नाही. त्याच इमारतीत, एक मजला वर, त्याची मामी कलावती रामटेके बाबूगिरी करत होती. त्या दुपारी पगारपत्रिका छापताना यशदीपला मामीचं नाव दिसलं. नावापुढे सातव्या वेतनाचा नवा आकडा. आणि तो आकडा काही आजचा नव्हता.

संध्याकाळी जिलेबीचा पुडा घेऊन तो घरात शिरला. मामा बनियनवर बसून बातम्या पाहत होता. मामी आत भेंडी चिरत होती.

“मामी, बधाई हो!” यशदीप दारातूनच ओरडला. “सातवं लागलं तुमचं! आणि लागलं कायचं, दोन महिने झाले लागून! आम्हाले सांगतलंच नाई?”

आत विळीचा आवाज थांबला.

पाहुणे आले तरी ज्या टीव्हीचा आवाज कमी होत नसे, तो मामाने कमी केला. गेले काही महिने कलावती त्याला सांगत होती की बाकीच्या खात्यांचं झालं, आमचं फिक्सेशनच अडकलं आहे. म्हणजे जुना पगार नव्या श्रेणीत बसवायचं काम पुढे सरकत नाही. मामा रोज त्या अडकवणाऱ्या बाबूला शिव्या देत असे. तो बाबू कोण, ते आता त्याला कळलं.

“दोन महिने?” मामाने विचारलं.

“हं,” आतून आवाज आला.

“आणि तू म्हणे अडकलं.”

“अडकलंच होतं. माह्या घशात.”

मोठं भांडण होणार, म्हणून यशदीपने पुडा पोटाशी धरला. पण दयाराममामाचा राग फार टिकला नाही. त्याच्यामागून आनंद धावत आला आणि रागाला ओलांडून पुढे गेला. मामाने दोन जिलेब्या खाल्ल्या, बोटं चाटली, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे वरचा मजला झाला समज.”

मामी दारात आली. यशदीपकडे पाहिलं. शाळेत मास्तर मारायच्या आधी जसा बघे, तसं. जिलेबीला हात लावला नाही. सकाळी मामी आणि यशदीप बसला निघाले तेव्हा दारात रेती पडली होती आणि मामा कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभा होता, किल्ला जिंकल्यासारखा.

त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाचं घर किती जुनं हे विचारावं लागत नाही. वेतन आयोग मोजले की कळतं. पाचव्यात कवेलू उतरले आणि स्लॅब पडला. सहाव्यात टाइल्स आल्या आणि पुढच्या खोलीत काचेचं शोकेस. सातव्यात वरचा मजला. तो बांधून भाड्याने द्यायचा, गॅलरीत सकाळी चहा पीत खाली गल्लीकडे बघायचं. रेल्वेत गँगमन म्हणून लागून मेट, म्हणजे गँगचा मुकादम, म्हणून रिटायर झालेल्या दयाराममामाचं ते स्वप्न होतं, आणि त्या स्वप्नाला हसण्यात अर्थ नाही. ज्याचं बालपण भंडाऱ्याकडच्या एका झोपडीत गेलं, त्याला डोक्यावर स्वतःचा आणखी एक मजला हवासा वाटला तर नवल नाही.

नवल एवढंच की त्या प्रत्येक वाढीत कलावतीच्या वाट्याला काय आलं, हे कोणी विचारलं नव्हतं. पाचव्याने स्लॅब दिला. उन्हाळ्यात तो तापला की संध्याकाळी बादल्या वर नेऊन पाणी शिंपायचं काम तिचं. सहाव्याने टाइल्स दिल्या; पोछा वाढला. शोकेस आलं, धूळ पुसणं वाढलं. पोरगी साक्षी नर्सिंग शिकून लग्न होऊन भिलाईला गेली, तिच्या जागी आमगावहून हा भाचा आला. पोळ्या तेवढ्याच राहिल्या, किंबहुना वाढल्या, कारण यशदीपला भूक फार.

कलावती तुमसरची. बाप विड्या वळायचा. पोरीला टायपिंग शिकवलं, तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले की पेटी वाजवल्याने पोट भरते का. भरलं. मध्य प्रदेश असताना ती रायपूरच्या एका जिल्हा कचेरीत लागली. मग नवं राज्य झालं आणि राजधानी तिच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आली. त्या वर्षी तिने पेढे वाटले होते. पण राजधानीचा पाय एका जागी ठरेना. काही वर्षांनी ती उठली आणि तेलीबांध्याच्या तलावापलीकडे, मोकळ्या माळावर, नवा रायपूरला जाऊन बसली. सायकल शोकेसच्या मागे गेली, स्टाफ बस आली, आणि कलावतीची सकाळ मागे मागे सरकत थेट काळोखात गेली. पहाटे नळ, मग कणीक, मग भाजी, दोन डबे, मामाचा चहा, मामाचा दुसरा चहा, आणि मग पळत चौकात, बससाठी.

बसमध्ये ती बसली की तलाव मागे पडायच्या आत झोपायची. मान शेजारच्याच्या खांद्यावर. त्यावरून बसमध्ये एक कायदा निघाला होता: ज्याच्या खांद्यावर झोपलं, त्याला संध्याकाळी तेलीबांध्यावर उतरल्यावर एक प्लेट मुंगोडी, म्हणजे मूगडाळीची भजी, खाऊ घालायची. याला म्हणत खांद्याचं भाडं. न्यायाधीश होते शामराव बोंद्रे, त्याच गल्लीत राहणारे, रिटायरमेंटला टेकलेले, स्वतः मागच्या सीटवर घोरणारे. पण त्यांच्या बाजूला कोणी बसतच नसे म्हणून निर्दोष. सगळ्यात जास्त भाडं भरणारी कलावती. यशदीप बसमध्ये यायला लागल्यापासून सगळी मुंगोडी एकाच खांद्याला मिळू लागली, आणि पोट्टा दोन महिन्यांत अंगाने भरला.

त्या सकाळी, रेतीच्या सकाळी, मामी झोपली नाही. खिडकीबाहेर बघत ताठ बसली.

“रामटेके मॅडम,” मागून शामराव म्हणाले, “सातवं लागल्यावर लोक खर्च वाढवतात. तुम्ही तं भाडं वाचवून राहिल्या!”

बस हसली. मामी हसली नाही. यशदीपने हळूच म्हटलं, “मामी, माह्यं चुकलं. पण तुमी लपवलं काहून?”

“तुले काय वाटते, दागिने करणार होती?”

“सदर बाजारातून काही घ्याचं असंल...”

“सदर बाजारात नाई भेटत ते.” तिने पर्स मांडीवर घेतली. “डॉक्टर म्हणे, बाई, बीपीची गोळी देतो, पण झोप काही मेडिकलात मिळत नाई, ती तुम्हालाच कमवा लागंल. म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, कमाई तं इतके वर्षं करूनच राहिली, आता खर्च करतो. एक बाई लावीन म्हटलं सकाळच्या सैपाकाले. ती येईन, पोळ्या करंन, डबे भरंन. आणि मी उजाडेपर्यंत झोपीन. बस. येवढीच चैन. सातवं वेतन मले झोपेत घ्याचं होतं.”

आमगावच्या शाळेत ‘पगारवाढीचे फायदे’ यावर कोणी निबंध दिला असता, तर हा फायदा यशदीपच्या डोक्यात आला नसता.

“आता मामाजी मानतीन?”

“मानाले कोण विचारून राहिलं? भांडण नको म्हणून चूपचाप करणार होती. म्हणणार होती, ऑफिसातली एक बाई गरजू आहे, फुकटात करते. तू भांडण टाळू दिलं नाई.” तिने पदर खांद्यावर नीट घेतला. “चांगलं केलं. आता लपून नाई, सांगून करीन.”

आणि तिने सांगून केलं. रविवारी सकाळी मामा रेतीवर पाणी मारत असताना तिने जाहीर केलं की एक तारखेपासून बाई येणार, तिचा पगार माझ्या वाढीतून जाणार, आणि वरच्या मजल्याचं काय करायचं ते तुमच्या पेन्शनने ठरवावं.

पहिली बाई दोन दिवस आली. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतला बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो तिने नीट पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी तिचा गुडघा दुखायला लागला. मामा म्हणाला, “पाहा, झालं?” मामी म्हणाली, “तिचा गुडघा तिच्यापाशी. माह्या गुडघा वाकत नाई,” आणि त्याच संध्याकाळी पाऱ्यात विचारत विचारत बिसाहिनबाईला घेऊन आली. बिसाहिन तलावाच्या मागच्या वस्तीत राहणारी, उंच, तोंडात गुडाखूची मिश्री, बोलायला मोकळी. फोटोकडे पाहून तिने विचारलं, “ए कोन ए दीदी? साहेब?”

“हव,” मामी म्हणाली. “सबके साहेब.”

“बने,” म्हणजे छान, असं म्हणून बिसाहिनने कणकेचा डबा कुठे आहे ते विचारलं.

दयाराममामाने बहिष्कार पुकारला. ताट समोर आलं की टीव्हीकडे बघायचं. बिसाहिन विचारायची, “खाहू का कका?” तर कका बातम्यांमध्ये असा काही गुंतायचा की जणू बातमी त्याचीच आहे. मग शर्ट घालून कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पोहे खायचे. आठवडा झाला, पोह्यांनी पित्त झालं, तरी मामा हटेना. शेवटी त्याने शामरावांना बोलावलं. बसमधला न्यायाधीश घरात आला.

“शामराव, तुमीच सांगा,” मामाने चहा पुढे सरकवत सुरुवात केली. “घरात बाई असून बाई लावाची, हे कुठचं चलन? लोक काय म्हणतीन? आणि मजला...”

“मजल्याचं म्हणाल तं,” शामराव सावधपणे म्हणाले, “मी मागच्याच साली बांधला. गॅलरीत चहा प्यायले बसतो. चहा कडू लागते, हप्ता आठवते.”

“तुमची गोष्ट वेगळी. मी म्हणतो, तत्त्वाची गोष्ट आहे. मी बाहेरच्या बाईच्या हातचं खात नाई. साफ सांगतो. कोणाच्या हातचं मी खात नाई.”

आत भांडी थांबली. कलावती हात पुसत बाहेर आली. आवाज चढवला नाही. यशदीपला नंतर वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

“काय म्हणलं? आणखी एकदा म्हणा.”

“म्हणलं ते म्हणलं.”

“तुमचा आजा विहिरीपाशी मडकं घेऊन उभा राहे. कोणाले दया आली तं वरून पाणी ओते. ही गोष्ट मले तुमच्याच मायनं सांगतली, लग्न होऊन आली तवा. लोक म्हणत, याच्या हातचं आमी खात नाई, पीत नाई. आणि आज त्याचा नातू, टाइल्सच्या घरात बसून, भिंतीवर बाबासाहेब लावून म्हणते, मी कोणाच्या हातचं खात नाई.” तिने भिंतीकडे बोट दाखवलं. “थो फोटो उतरवा आधी. मंग बोला.”

शामरावांनी कपात पाहिलं. कपात काही नव्हतं.

मामाचा चेहरा उतरला. “मी जातीचं नाई बोललो, वं,” तो खाली आवाजात म्हणाला. “मले तं... तुह्या हाताची सवय आहे. चव असते एक हाताले.”

“चव हाताले नसते. मिठाले असते.”

“आणि मजला? सगळ्याइचा झाला. आपलाच तेवढा बुटका दिसते.”

“मजला तुमच्या नावानं चढते, पायऱ्या माह्या पायाले लागतात. दोन वेतन आयोग म्या घराले देले. हा नाई देणार. आणि साहेबाले, सासूले, दिराले, कोणाले सांगाचं असंल तं सांगा. मी उठणार नाई.”

शामराव उभे राहिले. “दयाराम, निकाल काही मले देता येत नाई. एकच विनंती, हे प्रकरण आमच्या घरापर्यंत पोचू देऊ नका. आमच्या घरी अजून सगळे उठून राहिले आहे.”

पण अशी प्रकरणं रेतीपेक्षा लवकर पसरतात. नळावर बायका म्हणू लागल्या की सातवं लागलं आणि रामटेकीणबाई साहेब झाली. एकीने तोंडावरच विचारलं, “काहो दीदी, सुना है आजकल आप सूरज के बाद उठती हैं?”

“हां, उठती हूं,” मामी म्हणाली. “सूरज को कोई शिकायत नहीं है.”

आणि खरंच, तिच्यात फरक पडत होता. यशदीपला तो आधी खांद्याला कळला. बसमध्ये मान टेकेना. मामी जागी राहायची, खिडकीतून बघायची आणि म्हणायची, “इतके वर्षं झाले, मले मालूमच नव्हतं या रस्त्याले मधात झाडं आहेत.” तोंडावरची सूज उतरली. ऑफिसात साहेब बस सुटायच्या वेळी फायलींचा गठ्ठा पुढे करायचे. ती इतकी वर्षं मुकाट्याने घेऊन बसमध्ये मांडीवर ठेवायची. आता म्हणाली, “साहेब, उद्या.” साहेबांना वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, “उद्या, साहेब.” फाईल टेबलावर राहिली. राज्य कोसळलं नाही. सगळ्यांना याचं थोडं वाईटच वाटलं.

झळ बसली ती यशदीपच्या पोटाला. मामी झोपत नाही म्हटल्यावर भाडं बंद, भाडं बंद म्हटल्यावर मुंगोडी बंद.

मामाचा बहिष्कार मात्र बाहेरून कडक आणि आतून भुसभुशीत होत चालला होता. बिसाहिन पाट्यावर लसूण, मिरची आणि टमाटर वाटून चटणी करायची. एका दुपारी सुट्टीमुळे यशदीप घरी होता. त्याने पाहिलं, चटणीची वाटी पुसून लख्ख झालेली आणि तांदळाच्या घिरड्यांसारखे दोन चीले गायब.

“मांजरीनं खाल्लं असंल,” मामा टीव्हीकडे बघत म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं.

“मामाजी, मांजर मिरची खाते?”

“रायपूरची खाते.”

पाऊस लागला. दारातल्या रेतीला पहिल्या झडीतच नालीची वाट सापडली. ठेकेदार दोनदा विचारून गेला. मामाने त्याला सांगितलं, पावसाळ्यानंतर. गल्लीतले लोक आधी विचारून एक घमेलं न्यायचे, मग न विचारता. कोणाचा ओटा झाला, कोणाची मोरी. मामाचा वरचा मजला असा घमेल्या घमेल्याने दुसऱ्यांच्या घरी खालच्या खालीच बांधला गेला. मामा खिडकीतून बघत राही. त्याने कोणाला हटकलं नाही. एकदा मात्र यशदीपला म्हणाला, “तुह्या जिलेबीनं पडली ही रेती,” आणि यशदीपने मान खाली घातली, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

मग तीजा, म्हणजे हरतालिकेचा सण, आला. ज्यांना छत्तीसगढ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, तीजाला इथली बाई माहेरी जाते म्हणजे जातेच. भाऊ घ्यायला येतो. त्या दिवसांत अर्धं रायपूर स्वतःची भांडी स्वतः घासतं. बिसाहिनने आधीच सांगितलं, “दीदी, मैं तीजा जाहूं.”

“जा,” मामी म्हणाली, आणि तिला लुगडं दिलं.

दयाराममामाला ही बातमी कळली तेव्हा त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांनी उजेड पडला. संध्याकाळी तो मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“मंग? सकाळी कसं?”

“सकाळी काय?”

“बाई नाई येत. आता तं उठाच लागंल.”

“मी कँटीनमध्ये खाईन. तुमी दोघं आहा. चार हात आहे. कणीक डब्यात आहे, मीठ बरणीत.”

मामाने यशदीपकडे पाहिलं, यशदीपने मामाकडे. दोघांनाही वाटलं, ही नुसती बोलण्याची गोष्ट आहे. एवढ्या वर्षांची सवय काळोखात स्वतःहून उठते. सगळा डाव त्यावर होता, आणि हे मामीलाही ठाऊक होतं. एकदा उठली की उठलीच. बिसाहिन परत येईपर्यंत सवय परत आलेली असती, आणि मामाने बाईला दारातूनच सांगितलं असतं, नको आता.

पहिल्या सकाळी मामा मुद्दाम लवकर जागा झाला. खोकला. बादली आपटली. नळ मोठ्याने सोडला. मामीच्या खोलीतून काही आवाज नाही. यशदीप पांघरुणातून ऐकत होता. त्याला वाटलं, आपण उठून काहीतरी करावं. ही आग आपणच लावली आहे. तो स्वयंपाकघरात गेला आणि मॅगी केली. मामाने ती दोन चमचे खाल्ली आणि म्हणाला, “हे अन्न आहे की दोरी?” मामी उजाडल्यावर उठली, अंघोळ केली, रिकामी पर्स हलवत बसला निघाली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. ती झोपली नव्हती. आवाज ऐकत, दात आवळून पडून राहिली होती. बसमध्ये यशदीपला तेवढंच म्हणाली, “न उठणं उठण्यापेक्षा मेहनतीचं काम आहे, बापा.”

दुसऱ्या सकाळी खोकला नाही. बादली नाही. यशदीपला जाग आली ती एका वेगळ्याच आवाजाने: थप, थप, थप. तो दारात जाऊन पाहतो तर दयाराममामा बनियनवर, ओट्यापाशी, परातीत हात. हातावर थापून जाड जाड रोट्या करत होता. गँगमन असताना, रुळाच्या कडेला, कुठे कुठे जंगलात मुक्काम पडायचा. तिथे बायका नव्हत्या, आणि तिथे मामाने कित्येक वर्षं याच रोट्या थापल्या होत्या. घरात आल्यावर ते हात कसे विसरले, हे रेल्वेलाच माहीत.

“मामाजी, तुमाले येते?”

“मले भूक लागते,” मामा गुरकावला. “ज्याले भूक लागते त्याले येते. तव्याकडे पाहा, जळून राहिली.”

यशदीपने तव्याकडे पाहिलं. मग टमाटर चिरले. मामाने पाट्यावर मिरची लसूण वाटला, बिसाहिन बसते अगदी तसा एक पाय दुमडून. मांजरीने चांगलं लक्ष देऊन पाहिलेलं दिसत होतं. एवढ्या खटपटीत यशदीपने मामीच्या खोलीकडे कान दिला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. शामरावांसारखा, भरदार, बिनधास्त.

उजाडलं तेव्हा मामी बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची रेघ. ओट्यावर रोट्यांची चळत होती, बाजूला दोन डबे. तिने डब्यांकडे पाहिलं. मामाकडे पाहिलं. मामा टीव्ही लावायला गेला, पण रिमोट सापडेना. तिने एका रोटीचा तुकडा तोडला, चटणीत बुडवला, उभ्या उभ्या खाल्ला. यशदीप तव्यापाशी उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, आता डोळे भरून येतील, आता काहीतरी मोठं बोलेल.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“उद्या टाकतो,” मामा म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उद्याचंही कबूल केलं. पण तोवर मामी अंघोळीला गेली होती.

बसमध्ये त्या दिवशी ती खिडकीशी बसली. तलाव मागे पडला, चौक मागे पडले, मग तो मोकळा रुंद रस्ता लागला, ज्याच्या मधात झाडं होती. पहाटेपासून रोट्यांचा धूर खाल्लेला यशदीप कधी कलंडला त्याला कळलं नाही. ऑफिसच्या दारात बस थांबली आणि मागून शामरावांचा आवाज आला, तेव्हा त्याचा गाल मामीच्या खांद्यावर होता आणि तिच्या धुतलेल्या साडीवर एक ओला डाग.

“खांद्याचं भाडं!” शामरावांनी निकाल दिला. “साक्षीदार अख्खी बस. एक प्लेट मुंगोडी, रामटेके मॅडमले!”

यशदीप गडबडून उठला. खिसे चाचपले. संविदावाल्यांचा पगार तिसऱ्या महिन्यात येतो, आला तर. आणि सातवा, आठवा कोणताही आयोग त्यांच्या खुर्चीपर्यंत येऊन थांबत नाही.

“मामी, माह्या पगार वाढला की देईन. पक्कं.”

“तुह्या पगार?” कलावतीने डाग रुमालाने पुसला. “मंग राहू दे तोवर उधार. पण मी सोडणार नाई हं. सरकार सोडंल तुले, मी नाई सोडणार. एका प्लेटीचं व्याज तळलेली मिरची.”

ती उतरली आणि कोणाची वाट न पाहता पुढे निघाली. डबा हातात, चाल ताठ. यशदीप मागे उभा राहून तिच्या पाठीकडे बघत राहिला.

रेती सगळी गेली आहे. बिसाहिन तीजाहून परत आली. मामा तिच्या हातचं खातो आणि मीठ कमी असलं तर सांगतो. रविवारी रोट्या मामाच्या. घर अजून बुटकंच आहे. यशदीप अजून संविदावरच आहे, आणि ती मुंगोडीची प्लेट त्याच्याकडे बाकी आहे.